लसीचा दाखला दाखवा, मगच आत! नियम काय होता, आज काय आहे, दारावर अडवलं तर काय करायचं?

चंद्रपूर–गडचिरोली : 'लस घेतल्याचा दाखला नसेल तर रेशन नाही, बाजारात येऊ देणार नाही, गाडीत बसू देणार नाही' असं कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी ऐकलं. त्यातलं काही खरं होतं, काही अर्धवट होतं आणि काही निव्वळ दमदाटी होती. कोणतीही नवीन साथ आली की असे मेसेज पुन्हा फिरायला लागतात. म्हणून सरकारचा आदेश नेमका काय होता, न्यायालयाने काय सांगितलं आणि आज कुठे खरोखर दाखला लागतो, हे सगळं एका ठिकाणी देत आहोत. लेख जपून ठेवा, घरच्यांना वाचून दाखवा.

थोडक्यात

- आज महाराष्ट्रात बाजार, एसटी, मंदिर, यात्रा, नाटक, लग्न किंवा सरकारी कार्यालय यासाठी कोरोना लसीचा दाखला लागत नाही. ते निर्बंध एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला उठले.
- कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी स्पष्ट केलं.
- सरकार साथीच्या काळात काही ठिकाणी प्रवेशावर अटी घालू शकतं. पण त्याला कायद्याचा आधार, खरी गरज आणि योग्य प्रमाण लागतं.
- रेशनचं धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. अन्नसुरक्षा कायद्यात लसीची अट कुठेही नाही.

राज्याचा आदेश काय होता?

देशात कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. आधी आरोग्य कर्मचारी, मग ज्येष्ठ, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरचे सगळे आणि १ मे पासून १८ वर्षांवरचे, असा क्रम होता.

दाखल्याची अट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती मुंबईत. दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलने प्रवास करता येऊ लागला. आपल्याकडच्या लोकांना तेव्हा ही मुंबईची गोष्ट वाटली. पण २७ नोव्हेंबर २०२१ ला राज्य सरकारने जो आदेश काढला, तो गडचिरोलीच्या शेवटच्या टोकापर्यंत लागू होता. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- तिकिटाचा असो की फुकटाचा, कोणत्याही कार्यक्रमाला, खेळाला, सभेला येणारे आणि तो भरवणारे पूर्ण लस घेतलेले असावेत.
- दुकान, मॉल, समारंभाचं ठिकाण, जिथे लोकांची ये-जा आहे तिथले कर्मचारी आणि ग्राहक, दोघांनाही तीच अट.
- सार्वजनिक वाहनाने प्रवास फक्त पूर्ण लस घेतलेल्यांना.
- पुरावा म्हणून राज्याचा 'युनिव्हर्सल पास' किंवा कोविनचं प्रमाणपत्र आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र.
- दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याकडे पूर्ण लसीचा दाखला किंवा ७२ तासांतला आरटीपीसीआर अहवाल हवा. सिरोंच्यासारख्या तालुक्यात, जिथे नदी ओलांडली की तेलंगणा लागतो, तिथे या अटीचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको.

'पूर्ण लस' म्हणजे दोन्ही डोस आणि त्यानंतर १४ दिवस. १८ वर्षांखालच्या मुलांना आणि आजारामुळे लस घेता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलेल्यांना सूट होती.

दंडही ठरवून दिले होते. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये. ज्याच्या दुकानात किंवा कार्यक्रमात असा माणूस सापडेल त्याला १० हजार. संस्थेने स्वतःच नियम पाळले नाहीत तर ५० हजार. टॅक्सी, जीपमध्ये सापडलं तर प्रवासी आणि चालक दोघांना ५००-५०० रुपये, बस असेल तर मालकाला १० हजार. जिल्हा प्रशासनाला हे निर्बंध आणखी कडक करता येत होते, पण सैल करता येत नव्हते.

गंमत अशी की एसटीत बसायला दाखला लागेल असा नियम आला तेव्हा एसटीच उभी होती. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दाखला असो वा नसो, लोक काळी-पिवळीने आणि दुचाकीनेच फिरत होते.

९८ दिवसांचा हिशोब

आदेशातली 'पूर्ण लस' ही व्याख्या कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात काय होत होतं ते बघा.

मे २०२१ पासून कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं होतं. देशभर बहुतेकांना कोविशील्डच मिळाली. म्हणजे पहिल्या डोसनंतर कमीत कमी ८४ दिवस थांबायचं, मग दुसरा डोस, मग आणखी १४ दिवस. एकूण ९८ दिवस. एखाद्याने १ नोव्हेंबर २०२१ ला पहिला डोस घेतला असेल, तर त्याला दुसरा डोस लवकरात लवकर २४ जानेवारी २०२२ ला मिळणार आणि तो 'पूर्ण लसवंत' होणार ७ फेब्रुवारीला. आदेश मात्र २७ नोव्हेंबरलाच लागू झाला. या माणसाने लस नाकारली नव्हती, टाळलीही नव्हती. तरी नियमाप्रमाणे तो अडीच महिने बाजाराच्या बाहेर!

दुसरी अडचण मोबाइलची. युनिव्हर्सल पास काढायला कोविनवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी लागायचा. एका नंबरवर आधी चार जणांची नोंद व्हायची, जानेवारी २०२२ मध्ये ती सहा केली. घरात फोन नाही म्हणून शेजाऱ्याच्या किंवा गावातल्या दुसऱ्या कोणाच्या नंबरवर नोंद झाली असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. रेंज नसलेल्या गावात तर तोही नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. एटापल्ली, धानोरा, कोरची, अहेरीच्या आतल्या भागातली परिस्थितीही वाचकांना माहीत आहे. तिथे दाखल्याआधी लस पोचणं हीच मोठी गोष्ट होती. आशाताई, एएनएम सिस्टर पायी, डोंग्याने जाऊन माडिया-गोंडी बोलीत समजावून लस देत होत्या. दाखल्याचा नियम करताना ही वाट कोणी मोजली नव्हती.

वैनगंगेच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा

१ मार्च २०२२ ला राज्याने नवीन आदेश काढला, तो ४ मार्चपासून लागू झाला. त्यात जिल्ह्यांचे दोन गट केले. 'अ' गटात यायला चार कसोट्या होत्या : पहिला डोस ९० टक्क्यांवर, दुसरा डोस ७० टक्क्यांवर, तपासणीत बाधितांचं प्रमाण १० टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन-आयसीयूच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या.

'अ' गटात १४ जिल्हे आले. विदर्भातले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर त्यात होते. गडचिरोली नव्हता. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यात नाट्यगृह, सिनेमा, हॉटेल पूर्ण क्षमतेने सुरू आणि गडचिरोलीत निम्म्या क्षमतेने. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही एकच जिल्हा होते. आजही ब्रह्मपुरी आणि वडसा, व्याहाड आणि गडचिरोली यांच्यात फक्त वैनगंगेचा पूल आहे. रोजचा बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं दोन्ही काठांवर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही मोजणी माणसाची नव्हती, जिल्ह्याची होती. गडचिरोलीतल्या एखाद्या गावात शंभर टक्के लस झाली असली तरी ते गाव 'अ' गटाच्या बाहेरच. आणि दोन्ही गटांत मॉल, सिनेमा, हॉटेलात जाणाऱ्याला पूर्ण लसीची अट कायमच होती.

झाडीपट्टीच्या नाटकाचं काय झालं असतं?

झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा हे त्याचं केंद्र. शंकरपट, मंडई असली की गावात नाटक आलंच. २७ नोव्हेंबरचा आदेश नेमका हंगामाच्या तोंडावर आला. त्या आदेशाप्रमाणे मोकळ्या जागेत क्षमतेच्या २५ टक्के, बंदिस्त जागेत ५० टक्के लोक आणि हजारावर गर्दी होणार असेल तर आधी प्रशासनाला कळवायचं. शिवाय नट, वादक, पडदेवाले, तिकीट फाडणारे आणि प्रेक्षक, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत.

मग १० जानेवारी २०२२ पासून ओमायक्रॉनच्या लाटेत रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी लागली. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. म्हणजे दाखला असला तरी नाटक बघायला बाहेर पडता येत नव्हतं. नियम ठरवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शहरातलं तीन तासांचं थिएटर होतं, धानाच्या बांधीत उभा राहिलेला मंडप नव्हता.

रेशन अडवता येतं का?

नाही. पण असे प्रयत्न झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण मागे पडलं म्हणून किमान एक डोस घेतलेल्यांनाच रेशन, गॅस आणि पेट्रोल द्यावं असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला होता. त्यावर राज्यभर चर्चा झाली.

त्याच महिन्यात चंद्रपूर महापालिकेने वेगळा रस्ता धरला. १२ ते २४ नोव्हेंबर या काळात लस घेणाऱ्यांसाठी 'बंपर लकी ड्रॉ' ठेवला. फ्रिज, वॉशिंग मशीन, एलईडी टीव्ही अशी बक्षिसं. बक्षिसाने माणूस केंद्रावर येईल की नाही यावर वाद होऊ शकतो. पण त्यात कोणाचं धान्य अडत नव्हतं, हा फरक मोठा आहे.

मेघालयातही दुकानदार, टॅक्सीवाले, फेरीवाले यांना लस घेतल्याशिवाय धंदा करू देणार नाही असे आदेश निघाले होते. जून २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीने लस देणं आणि त्यासाठी माणसाची रोजीरोटी बंद करणं कायद्यात बसत नाही. त्याऐवजी दुकानावर आणि गाडीवर 'लस घेतली' किंवा 'लस घेतलेली नाही' अशी पाटी लावा, ग्राहक काय ते ठरवेल, असा मार्ग न्यायालयाने दिला.

न्यायालयाने काय सांगितलं?

मुंबई उच्च न्यायालय, फेब्रुवारी २०२२ : लोकलच्या अटीविरोधात जनहित याचिका होती. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. लस न घेतलेल्यांना बंदी घालणारे २०२१ चे आदेश तेव्हाच्या मुख्य सचिवांनी ठरवून दिलेली प्रक्रिया न पाळता काढले, असं न्यायालयाने म्हटलं. राज्याला ते आदेश मागे घ्यावे लागले. वर सांगितलेला १ मार्चचा आदेश त्यानंतरचा.

केंद्र सरकार, जानेवारी २०२२ : सर्वोच्च न्यायालयात केंद्राने शपथपत्र दिलं की संमतीशिवाय लस देण्याची कोणतीही सूचना नाही आणि कोणत्याही कामासाठी लसीचा दाखला सक्तीचा करणारी कार्यपद्धती केंद्राने काढलेली नाही. म्हणजे सक्ती होती ती राज्यांच्या आदेशांमुळे.

सर्वोच्च न्यायालय, २ मे २०२२ : जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांनी निकाल दिला. न्यायमूर्ती गवई आपल्या अमरावतीचे. निकालातले मुद्दे सोप्या भाषेत असे :

- स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो. म्हणून कोणाला लस घ्यायला भाग पाडता येत नाही.
- साथ रोखण्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकतं. पण तीन कसोट्या लागतील : कायद्याचा आधार, खरी गरज, आणि गरजेच्या प्रमाणातच बंधन.
- लस न घेतलेल्यांकडून लस घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. त्यामुळे रुग्णसंख्या कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवर सार्वजनिक ठिकाणी बंदी ठेवू नये, असे आदेश मागे घ्यावेत.
- सरकारचं लसीकरण धोरण मात्र चुकीचं म्हणता येत नाही. लसीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू टळतात, हे न्यायालयाने मान्य केलं.

महाराष्ट्रात त्याआधीच, ३१ मार्च २०२२ ला मंत्रिमंडळाने सगळे निर्बंध उठवायचा निर्णय घेतला होता. गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, दाखल्याची अट उरली नव्हती.

कोरोना होऊन गेला, तर तोच दाखला का नाही?

हा प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला. ज्याला आजार होऊन गेला त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होतेच, मग त्याला सूट का नाही? युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून जे डिजिटल प्रमाणपत्र चालवलं, त्यात लस घेतलेले, चाचणीत निगेटिव्ह आलेले आणि आजारातून बरे झालेले, तिघांनाही जागा होती. महाराष्ट्राच्या आदेशात बरे झालेल्यांसाठी वेगळी सूट नव्हती.

याची दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने 'आजार झाला म्हणजे परवाना मिळाला' अशा दाखल्याबद्दल सावध केलं होतं. पुन्हा आजार होणार नाही याची खात्री तेव्हा नव्हती. शिवाय दाखला मिळावा म्हणून लोक मुद्दाम आजार ओढवून घेतील, अशी भीती जाणकार बोलून दाखवत होते.

आधी दाखला दंडावर असायचा

ही गोष्ट कोरोनापासून सुरू झाली नाही. गावातल्या साठी ओलांडलेल्या माणसाचा दंड बघा. देवीच्या लसीचे गोल वण दिसतील. कागद नव्हता तेव्हा तो वण हाच पुरावा होता. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला.

इंग्रजांच्या काळात चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तिथे लागू असलेल्या १८८० च्या लसीकरण कायद्यात मुलाला देवी टोचणं आणि त्याचा दाखला देणं होतं. पण तो कायदा नगरपालिका आणि छावण्यांपुरता. जंगलातल्या गावांपर्यंत तो आलाच नाही. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत मुंबई इलाख्यात हाफकिनची लस टोचून घेतलेल्यांना दाखला मिळायचा आणि त्यावर प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट मिळायची. साथरोग कायदा १८९७ हा त्याच प्लेगमधून आलेला. कोरोनात सरकारने वापरलेले दोन मुख्य कायदे म्हणजे तो आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पंढरपूरच्या वारकऱ्यांनाही एकेकाळी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे.

आज कुठे लसीचा पुरावा लागतो?

१. मातृ वंदना योजना : पहिल्या बाळासाठी एकूण ५ हजार रुपये मिळतात. त्यातला २ हजारांचा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि बीसीजी, पोलिओ, डीपीटी, हिपॅटायटिस-बी या पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर मिळतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड हरवू नका. त्यावर प्रत्येक लसीची तारीख सिस्टरकडून लिहून घ्या.

२. शाळा : शाळा लसीचं कार्ड मागू शकते, माहिती म्हणून. पण ६ ते १४ वर्षांच्या मुलाला कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारण्याची अट शिक्षण हक्क कायद्यात नाही. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असं त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं.

३. परदेश : आफ्रिकेतल्या अनेक देशांत जायला पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस सक्तीची आहे.

४. जनावरं : २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा बैलबाजार बंद झाले. नंतर लसीकरण आणि कानातला बिल्ला बघूनच जनावरांची ने-आण होऊ लागली. १ जून २०२४ पासून तर बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. माणसांसाठी नसलेली अट आज बैलांसाठी आहे, तेव्हा पशुधन पर्यवेक्षकाकडून नोंद करून घ्या.

दारावर अडवलं तर काय करायचं?

- भांडू नका. 'लेखी आदेश दाखवा' एवढंच म्हणा. आदेशाचा क्रमांक, तारीख आणि कोणाची सही आहे ते बघा. साथीच्या काळात असे आदेश राज्य सरकार किंवा जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काढतं. व्हॉट्सअॅपवरचा फोटो किंवा तोंडी फर्मान म्हणजे आदेश नाही.
- आदेशात सूट कोणाला आहे ते वाचा. मुलं आणि आजारी माणसं यांना बहुधा असते.
- दंड भरलात तर पावती घ्याच.
- रेशन अडवलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९६७ या क्रमांकावरही तक्रार होते.
- कोविनचा दाखला आजही मिळतो. एक छापील प्रत काढून घरच्या कागदपत्रांत ठेवा. आधार नसेल तरी लस नाकारता येत नाही, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर स्पष्ट झालं. दुसरं ओळखपत्र चालतं.
- ग्रामसभेत आधीच ठरवा : पुढची साथ आली तर गावात लस कोण आणणार, कुठे टोचणार, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नोंद कोणाच्या नंबरवर आणि कागद कोणाकडे. हे ठरावात लिहून आरोग्य केंद्राला द्या.

लस वेगळी, दाखला वेगळा

शेवटी एक गोष्ट नीट समजून घ्या. दाखल्याच्या सक्तीवर प्रश्न विचारणं म्हणजे लसीला विरोध नव्हे. गोवर, धनुर्वात, पोलिओ, घटसर्प यापासून आपली लेकरं लसीमुळेच वाचतात. तेव्हा लस वेळेवर घ्या, मुलांना द्या. काही शंका असेल तर आशाताईला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, किंवा १०४ वर फोन करा.

दाखला हा सरकार आणि नागरिक यांच्यातला व्यवहार आहे. तो मागायचा असेल तर आधी लस गावात आली पाहिजे, दोन डोसमधले दिवस मोजले पाहिजेत, कागद फोनशिवायही मिळाला पाहिजे. हे सगळं झाल्यावर मागितलेला दाखला कोणी नाकारणार नाही. हे न करता मागितला, तर तो फक्त रस्त्यापासून लांब राहणाऱ्या माणसालाच अडवतो.